उशाशी बसणारी माणसे

इंदूरच्या जुन्या वस्तीतून पश्चिमेकडे, मल्हारगंजाच्या बाजूने चालत गेले की बडा गणपतीचे देऊळ लागते. मराठी माणसाला गणपती म्हटला की देव्हाऱ्यात किंवा पाटावर मावेल एवढी मूर्ती आठवते. येथे मात्र पंचवीस फूट उंचीची शेंदरी मूर्ती आहे, आणि दर्शन घ्यायचे तर मान वर करावीच लागते. तुपात कालवलेल्या शेंदुराचा चोळा या मूर्तीवर चढवायचा म्हणजे मचाण बांधून करायचे काम. ते एका दिवसात आटोपत नाही. होळकरांच्या या नगरीत मराठी आणि माळवी बोली दीडदोनशे वर्षे एकाच ओसरीवर बसत आल्या आहेत. म्हणून येथल्या मराठी घरांतही हा देव ‘मोठा गणपती’ झाला नाही, ‘बडा गणपती’च राहिला.

एवढ्या मोठ्या देवाकडे मागणेही मोठेच मागायचे, असा लोकांचा सरळ हिशोब असतो. परीक्षेचे, लग्नाचे, नोकरीचे नवस येथे रोजच बोलले जातात. परंतु त्या गर्दीत कधी एखादी आई अशीही उभी असते, की जिच्या कडेवरच्या मुलाच्या डोक्यावर केस नाहीत आणि तोंडाला मुसके बांधलेले आहे. तिने काय मागितले असेल हे शेजारी उभ्या असलेल्यास सांगावे लागत नाही. नवस बोलून झाला की ती रिक्षात बसते आणि राजवाड्याची गर्दी ओलांडून रुग्णालयाच्या दिशेने जाते. नवस बोलायला एक क्षण पुरतो. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार मात्र दोन ते तीन वर्षे चालतो. हा लांब, कंटाळवाणा आणि भीतिदायक काळ त्या मुलाच्या उशाशी कोण बसते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा विचारला जात नाही. औषध शोधणाऱ्यांची नावे तेथे सापडतात, उशाशी बसणाऱ्यांची क्वचितच.

औषधाची कथा आधी सांगितली पाहिजे, कारण तिचा एक धागा मराठी मुलुखातूनच गेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे, आणि त्यात कित्येक दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी त्याचा पिच्छा पुरवला. हा जंतूंचा रोग नव्हे, अन्नात काहीतरी कमी पडते आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइटने, या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. नव्या रक्तपेशी तयार होताना शरीराला तो लागतो.

बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारलेल्या मुलांना हेच फॉलिक आम्ल देऊन पाहिले. परिणाम उलटाच झाला. रोग अधिकच चेवला. दुसरा कोणी असता तर त्याने तो नाद सोडला असता. फार्बर यांनी मात्र उलटा विचार केला. या पदार्थाने रोग वाढतो, तर त्याची वाट अडवणाऱ्या पदार्थाने तो ओसरला पाहिजे. असा पदार्थ अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत तयार होत होता, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४७च्या अखेरीस ॲमिनोप्टेरिन हे औषध प्रथम मुलांना दिले गेले. १९४८च्या जूनमध्ये फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यात सोळा मुलांपैकी दहांना उतार पडल्याची नोंद होती. हा उतार तात्पुरता होता. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी रोग परतून येई. तथापि ज्या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूचा निरोप समजला जाई, त्याने प्रथमच एक पाऊल मागे घेतले होते. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निवर्तले. मुंबईच्या गिरणीतील त्या अशक्त बायकांना आपल्या दुखण्याचा धागा बॉस्टनच्या मुलांच्या खाटेपर्यंत पोहोचला हे कळण्याचा काही संभवच नव्हता.

दुसरे औषध तर आपल्या दारातच उभे होते. सदाफुलीचे रोप लावायला कोणी कुंडी विकत आणत नाही. ते भिंतीच्या फटीतही उगवते, देवाला वाहिले जाते, आणि कौतुक मात्र मोगऱ्याचे होते. मधुमेहावर उपयोगी पडेल म्हणून कॅनडातील संशोधकांनी या रोपाची तपासणी केली. मधुमेहावर ते निरुपयोगी ठरले, पण रक्तातील पांढऱ्या पेशी त्याने कमी होतात असे आढळून आले. त्यातून १९५८च्या सुमारास विनब्लास्टिन आणि पुढे १९६३ साली विनक्रिस्टिन ही औषधे वापरात आली. विनक्रिस्टिन आजही रक्ताच्या कर्करोगावरील बालोपचारात दिले जाते. १९६२ साली अमेरिकेत मेंफिस येथे सेंट ज्यूड रुग्णालय उघडले. अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत डोनाल्ड पिंकेल यांनी तेथे बसवली, आणि १९७०च्या सुमारास या रोगाची निम्मी मुले बरी होऊ लागली.

हिंदुस्थानात या लढाईचे ठाणे होते परळ. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानेच वारल्या. दुसऱ्याच वर्षी सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापिला, आणि त्याच वर्षी तेही निवर्तले. त्यांच्या मागे टाटा विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आले आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याच्या छत्राखाली गेले. तेव्हापासून ‘टाटाला नेले’ हे दोनच शब्द मराठी घरात उच्चारले की पुढचे कोणी विचारीत नाही.

इंदूरच्या माणसाला हे टाटा दूरच होते. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडवा-इंदूर रेल्वे घडवून आणली हे खरे. पण ती मीटर गेजची गाडी पाताळपाणीचा घाट उतरून, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून खांडव्यास येई, आणि तेथे मुंबईची मोठी गाडी धरावी लागे. आजारी मूल, वळकटी, पितळी डबा आणि कागदात गुंडाळलेले रक्ताचे रिपोर्ट घेऊन त्या फलाटावर रात्र काढणारी कुटुंबे किती असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. पुढे मुंबईत उतरल्यावर राहायचे कोठे, हा दुसरा प्रश्न. गाडगे महाराजांनी आयुष्यभर जागोजागी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावे चालणारी दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते, ही त्या परंपरेची फार समयोचित शाखा म्हटली पाहिजे. २००६ सालापासून सेंट ज्यूड इंडिया ही संस्था मुंबईत व इतरत्र अशा मुलांच्या कुटुंबांना राहण्याची सोय करते. इंदूरलाही आता शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धार, झाबुआ, खरगोनकडील प्रत्येक रुग्णाने मुंबईच गाठली पाहिजे असे राहिलेले नाही. पण कडेवर मूल घेतलेल्या माणसाला झाबुआहून इंदूरसुद्धा लांबच आहे.

येथे परिचारिकांची कथा सुरू होते, आणि तिची सुरुवात एखाद्या शाळेपासून करणे बरोबर होणार नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. लोक घरदार सोडून पळत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका गाठ आलेल्या मुलास सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेतले आणि आपले चिरंजीव डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात आणून पोहोचवले. त्यांच्यापाशी परिचर्येचे प्रमाणपत्र नव्हते, गणवेश नव्हता, आणि त्यांचे वय साठीच्या घरात होते. त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मराठी मुलुखात आजारी परक्या मुलाची स्वेच्छेने केलेली शुश्रूषा हा विषय निघाला, तर पहिले नाव हेच घ्यावे लागते.

शिकून परिचारिका होण्याची वाट याच सुमारास उघडली होती. १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत हिने परिचर्येच्या शिक्षणाला प्रवेश घेतला. हे शिक्षण घेणारी पहिली हिंदी स्त्री म्हणून तिची नोंद आहे. काशीबाई गणपत म्हणजे निव्वळ मराठी नाव. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, चित्रपट झाला. काशीबाईंच्या वाट्याला एक ओळ आली. डॉक्टर होणे हा पराक्रम आणि परिचारिका होणे ही लाचारी, असे जे मत मराठी पांढरपेशा समाजाने पुष्कळ काळ बाळगले, त्याचाच हा परिणाम होय. परक्याचे मलमूत्र काढायचे, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची! असल्या कामासाठी घरची मुलगी पाठवायला कोण तयार होणार? रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन उभारले आणि विधवांना, परित्यक्तांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा त्यांना या मताशी पावलोपावली झुंजावे लागले. सदनाच्या एका समारंभात केशवपन केलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा गॅलरीतील सुशिक्षित म्हणवणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. रमाबाई मुळात मृदुभाषी. परंतु त्या दिवशी त्यांनी त्या तरुणांना भर सभेत खडसावले.

इंदूरचे वळण थोडे निराळे होते. येथे १८७८ सालीच वैद्यकीय शाळा निघाली. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर एलिझाबेथ बीटी १८८४ साली आणि मॅरियन ऑलिव्हर १८८६ साली माळव्यात आल्या, आणि १८९१ साली इंदूरला स्त्रियांसाठी त्यांचे रुग्णालय उभे राहिले. म्हणजे मुंबईत काशीबाई शिकू लागल्या त्याच वर्षी इंदूरच्या बाईमाणसाला बाईच्या हातून औषध मिळू लागले. १९४८ साली जुन्या वैद्यकीय शाळेच्या जागी महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि पुढच्या दशकात महाराजा यशवंतराव रुग्णालयाची ती अनेक मजली इमारत उभी राहिली. इंदूरकर तिला ‘एम. वाय.’ म्हणतात. आज शहरात शासकीय आणि खाजगी परिचर्या महाविद्यालये आहेत, आणि सकाळच्या बसथांब्यांवर पांढऱ्या वा निळ्या गणवेशातील मुलींचे थवे दिसतात. त्यांत आता मुलगेही असतात. रुग्ण त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

अशा विद्यार्थ्यांनी आपल्या नेमून दिलेल्या पाळीखेरीज कर्करोगाच्या मुलांसाठी वेळ द्यावा, ही कल्पना देशातील अनेक ठिकाणी रुजते आहे. परिचर्येच्या विद्यार्थ्यांची संघटना १९२९ सालापासून आहे. १९६९ साली गांधीशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समाजसेवेला सरकारी चौकट मिळाली. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास, असा तिचा नेम आहे. पण तासांच्या हिशोबाने जे येतात त्यांच्याविषयी येथे फारसे सांगण्यासारखे नाही. १५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन असतो. त्या दिवशी वॉर्डात फुगे येतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात, छायाचित्रे निघतात. १६ फेब्रुवारीला फुगे मावळलेले असतात आणि मुले खाटेवरच असतात.

विद्यार्थिनी नेमाने येते तेव्हा काय घडते ते पाहण्यासारखे आहे. उपचाराच्या पहिल्या महिन्यात मुलाला जी औषधे देतात त्यांत स्टिरॉइड असते. त्याने भूक अशी खवळते की मूल मध्यरात्री पोहे-जिलेबी मागते, आणि इंदूरच्या मुलाने दुसरे मागावे तरी काय! बाहेरचे खाणे तर वर्ज्य. शरीरातील पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, साध्या जंतूनेही जीव धोक्यात येतो. मूल रडते, आईवर हात उगारते, आणि आईला वाटते, लेकराचा स्वभावच पालटला. ‘हे औषधाचे आहे, गोळ्या थांबल्या की थांबेल,’ हे एक वाक्य तिला कोणीतरी शांतपणे सांगावे लागते. डॉक्टरांना ते ठाऊक असते, पण त्यांच्यापुढे रुग्णांची रांग असते. पाळीवरची सिस्टर सलाईनच्या बाटल्यांमागे धावत असते. खाटेशी स्टूल ओढून ते वाक्य सांगायला शिकाऊ मुलीपाशी वेळ असतो. शिवाय ती खरगोनकडची असली तर ते निमाडीत सांगते.

मुलाला सुईची भीती असते. पाठीच्या कण्यात सुई घालून औषध देतात तेव्हा त्याला धनुकलीसारखे वाकून निश्चल राहावे लागते. बाहेरून आलेला दयाळू पाहुणा म्हणतो, ‘काही दुखणार नाही, बाळ.’ दुखते. मग मुलाचा त्या पाहुण्यावरचाच नव्हे, सर्व मोठ्या माणसांवरचा विश्वास उडतो. ज्या विद्यार्थिनीने स्वतः सुई धरली आहे ती असे खोटे सांगत नाही. ती एक कापडी बाहुली आणते, रिकामी सिरिंज मुलाच्याच हाती देते, आणि बाहुलीला सुई टोचण्याचे काम त्याच्यावर सोपवते. मूल बाहुलीला दरडावते, मग समजावते, मग तिच्या पाठीवर कापूस दाबून धरते. ज्याला रोज टोचले जाते त्याला एकदा टोचणारा होता आले, की भीतीचे ओझे थोडे सैल होते. या खेळाला आता शास्त्राचे नाव आहे आणि परदेशी रुग्णालयांत त्यासाठी पगारी माणसे नेमतात. पण भातुकली खेळलेल्या कोणत्याही मराठी बाईला त्याचे तत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

याच संदर्भात इंग्लंडातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. तेथील पुष्कळ रुग्णालयांत पूर्वी आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. आठवड्यातून एखाद्या दिवशी, ठरल्या वेळी भेटायचे आणि निघायचे. मूल पहिले दोन दिवस आकांत करी, मग गप्प होई, आणि परिचारिका म्हणत, ‘रुळला.’ जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातील आठ दिवसांचा चित्रपट घेतला आणि ते रुळणे नसून मनाचे मिटणे आहे हे दाखवून दिले. १९५९ साली प्लॅट समितीने आईबापांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे आई खाटेखाली चटई टाकून झोपतच आली आहे. हे आपण बालमनाच्या अभ्यासाने केले असे मात्र कोणी समजू नये. परिचारिका अपुऱ्या, म्हणून आईला ठेवले, एवढेच. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असा देशाचा आकडा आहे. अडचणीतून का होईना, एक चांगली रीत टिकून राहिली. पण त्या आईलाही कोणी अर्धा तास मोकळीक द्यावी लागते. तिला आंघोळ करायची असते, गावी ठेवलेल्या दुसऱ्या मुलाशी फोनवर बोलायचे असते, किंवा नुसते व्हरांड्यात जाऊन रडायचे असते. तेवढा वेळ मुलाशेजारी बसणारी विद्यार्थिनी काही मोठे काम करीत नाही असे वाटेल. त्या आईला विचारावे.

सर्वांत अवघड काम पहिल्या महिन्यानंतर येते. औषध लागू पडते. ताप जातो, अंगावरचे निळे डाग जातात, मूल खेळू लागते. बापाला वाटते, पोर बरे झाले. इकडे शेतात सोयाबीन काढणीला आलेले असते, मजुरी बुडत असते, उधारी वाढत असते. डॉक्टर म्हणतात, अजून दोन वर्षे. बाप मान हलवतो, गावी जातो, आणि परत येत नाही. काही महिन्यांनी रोग परततो, आणि तेव्हा तो पहिल्या औषधांना दाद देत नाही. उपचार अर्धवट सुटणे हे गरीब देशांत मुले दगावण्याचे एक मोठे कारण आहे. १९८४च्या सुमारास मुंबईचे टाटा रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने आपल्या परिस्थितीस झेपेल अशी एक उपचारपद्धती सुरू केली. तिने जगणाऱ्या मुलांचे प्रमाण खूपच वाढवले. परंतु उत्तम पद्धतीलाही मूल ठरल्या तारखेस दारात यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोगाची शंभरातील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम देशांत हा आकडा तिसाच्याही खाली आहे. २०१८ साली संघटनेने संकल्प केला की २०३० पर्यंत जगभर निदान साठ मुले तरी वाचावीत. मधल्या त्या फरकात औषधांचा तुटवडा आहे, उशिरा होणारे निदान आहे, आणि गाडीभाडेही आहे.

मुलीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आपल्या देशातील कर्करोग रुग्णालयांत मुलग्यांच्या मानाने मुली बऱ्याच कमी आणल्या जातात. हा फरक केवळ रोगाच्या स्वभावाचा नाही, असे या विषयाचे जाणकार सांगतात. मुलीला मुळात आणलेच जात नाही. अशा ठिकाणी अठरा-एकोणीस वर्षांची, शिकणारी, उद्या कमावणारी मुलगी त्या बापासमोर बसून पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते, रात्रीच्या गोळ्या मोजून पुडीत बांधते, आणि ‘चाचा, इसको लाना जरूर’ म्हणते. तिचे नुसते समोर असणेच बापाला काही सांगून जाते. उपदेशाने जे होत नाही ते कधी कधी अशाने होते.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, मग प्रत्येक वॉर्डात असे स्वयंसेवक नेमून टाकावेत. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. परिचर्येच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘सेवा’ हा शब्द फार स्वस्तात वापरला गेला आहे. जुन्या परिचर्याशाळा म्हणजे पुष्कळदा रुग्णालयाला अल्प विद्यावेतनात हात पुरवण्याची सोय असे. दिवसभर वॉर्डात राबायचे आणि उरल्या वेळात शिकायचे. परिचारिकांच्या राहणीच्या आणि वेतनाच्या हलाखीकडे भोर समितीनेही लक्ष वेधले होते. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. दिल्ली व वेल्लूरला १९४६पासून, आणि मुंबईत १९६४ साली निघालेल्या श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयात, हा विषय पदवीच्या तोलाचा झाला, तो याच ओढाताणीतून. म्हणून पगारी परिचारिकेची रिकामी जागा स्वयंसेवेने भरणे म्हणजे विद्यार्थिनीची आणि रुग्णाची, दोघांचीही फसवणूक होय. स्वयंसेवेला आलेल्या मुलीने सलाईन लावू नये, औषध देऊ नये, पाळीच्या तक्त्यावर तिचे नाव असू नये. तिने हात धुवावेत, सर्दी असेल तर येऊच नये, फुले आणू नयेत, आणि गोष्ट सांगावी. ती एकटी नसावी, दोघी असाव्यात. वार ठरलेला असावा. परीक्षा आली किंवा बदली झाली तर शेवटच्या दिवशी मुलाला तसे सांगून जावे. ज्याची वाट पाहिली ते माणूस न सांगता नाहीसे होणे, हा अनुभव त्या मुलाने आधीच पुष्कळ घेतलेला असतो.

आणि कधी कधी मूलच नाहीसे होते. मंगळवारी येऊन पाहावे तो खाटेवर नवी चादर अंथरलेली असते. पुस्तकात ‘मृत्यू’ या प्रकरणाखाली देह स्वच्छ कसा करावा हे लिहिलेले असते. ज्या मुलाला राजपुत्राची गोष्ट अर्धी सांगितली होती त्याच्या बाबतीत काय करावे, हे लिहिलेले नसते. लंडनच्या सिसिली साँडर्स प्रथम परिचारिका होत्या, मग रुग्णसाहाय्यक, मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी मरणासन्न रुग्णांसाठी जे शुश्रूषागृह उघडले त्यात माणसाच्या वेदनेइतकीच काळजी घेणाऱ्यांच्या दुःखाचीही दखल घेतली गेली. मुंबईस वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना आश्रम निघाला. आपल्या देशातील तशा प्रकारचा तो पहिला. पण कोवळ्या वयाच्या विद्यार्थिनीला त्या मंगळवारी आश्रम नको असतो. कोणी अनुभवी सिस्टर तिला बाजूला घेऊन चहा पाजते आणि स्वतःचा पहिला असा दिवस सांगते. हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि ते एका पिढीकडून दुसरीकडे अशा चहाच्या कपांतूनच आले आहे.

ज्या मुलांचा उपचार पुरा होतो त्यांच्यासाठी अलीकडे एक नवी प्रथा आली आहे. १९९६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात आयर्व्ह ल मॉइन नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याने आपला उपचार संपल्यावर तेथे एक पितळी घंटा टांगली आणि ती वाजवली. बोटीवरील काम पुरे झाले की घंटा वाजवण्याची नौदलाची रीत आहे. तेथून ही घंटा जगभर गेली आणि भारतातील काही रुग्णालयांतही आली. शेवटचा उपचार झाला की मूल घंटा वाजवते, परिचारिका टाळ्या वाजवतात, आई पदराने डोळे पुसते. काही परिचारिकांना ही प्रथा पसंत नाही. आतल्या खाटेवर जे मूल पडलेले असते, ज्याच्या घंटेची पाळी येईल असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, त्यालाही तो आवाज ऐकू जातो, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून काही ठिकाणी घंटा वॉर्डापासून लांब, बाहेरच्या दारापाशी टांगतात.

माळव्यातल्या मुलाला ही घंटा प्रथम थोडी कोड्यात टाकते. त्याच्या ओळखीची घंटा बडा गणपतीसारख्या देवळातली, आणि ती आत शिरताना वाजवायची असते. ही बाहेर पडताना वाजवायची आहे हे त्याला समजावून सांगावे लागते. हात पुरत नाही, तेव्हा विद्यार्थिनी त्याला उचलून धरते.